आंधळं भिंग

जुन्या बाजारात वामनराव टिल्लू जुने कॅमेरे हेरत फिरायचे आणि ते म्हणतील तोच भाव ठरायचा. त्या रविवारी भर उन्हात ते शेवंताबाईंच्या ताडपत्रीसमोर थांबले. बंद पडलेल्या एका स्टुडिओच्या सामानात बाईंना वाटीएवढं, पितळी कड्यातलं भिंग मिळालं होतं.

"आंधळं झालंय हे. यातून काही दिसायचं नाही," टिल्लू म्हणाले. "पितळेच्या भावात देऊन टाका."

कॅमेऱ्यात चित्र पडद्यावर पडतं, एवढं बाईंना ठाऊक होतं. त्यांनी ताडपत्रीच्या सावलीत पांढरा पंचा टांगला आणि भिंग त्याच्यापुढे धरून मागेपुढे केलं. एकाएकी पंच्यावर अख्खा रस्ता उमटला, रंगांसकट, हलताचालता, पण उलटा! हातगाड्या आभाळाला लटकून चालल्या होत्या. जमलेली माणसं बघत राहिली. मधोमध, खाली डोकं वर पाय, टिल्लू उभे होते.

बाई हळूच म्हणाल्या, "साहेब, या आंधळ्याला दिसतंय, तुमच्या शर्टाची बटणं खालीवर लागलीत."

टिल्लूंचा हात छातीशी गेला. पंच्यावरच्या टिल्लूंचाही गेला. ते बघतच राहिले.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "भाव तुम्हीच सांगा."