कोंडाईचा हुंकार

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. तेव्हा डोंगरातली माणसं वर्षं मोजत नसत. एखादं वर्ष चांगलं गेलं, एखादं वाईट गेलं, एवढंच त्यांच्या लक्षात राहायचं. डोंगराच्या कुशीत, ओढ्याच्या काठाला भोकरदरा नावाची वाडी होती आणि त्या वाडीत कोंडाई राहायची.

भोकरदऱ्यात शाळा नव्हती, पाटी नव्हती, गुरुजी नव्हते. कोंडाई होती. पोर जरा बसायला लागलं की त्याला तिच्या अंगणात आणून सोडायचे. नागली कधी पेरायची, कोणत्या सापाच्या वाटेला जायचं नाही, बांध आधी कुठं फुटतो, रुसून गेलेल्या भावाला घरी कसं आणायचं, हे सगळं ती गोष्टींतून सांगायची. आपण शिकवतो आहोत असं तिनं कधी जाणवू दिलं नाही. ती सांगायला लागली की गोठ्यातली गुरं रवंथ थांबवायची, असं म्हणतात. चुलीतला विस्तव लाकूड न घालता धगधगत राहायचा. डोंगरावरचं बांबूचं बेट तिचा शब्द ऐकायला अंगणाकडे वाकायचं.

तिथं गोष्टीचा एक रिवाज होता. सांगणारीनं वाक्य टाकलं की ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा. 'हूं' आला की गोष्ट पुढं सरकायची. 'हूं' आला नाही तर ती तिथंच थांबायची. आणि गोष्ट पुरी झाली की मात्र हुंकार द्यायचा नाही. थोडा वेळ सगळ्यांनी गप्प बसायचं.

कोंडाईच्या भावाची मुलगी ठमा हुंकार देण्यात साऱ्या वाडीत पहिली. तिचा हुंकार इतका ठणठणीत, इतका वेळेवर, की आपण नाही दिला तरी चालतं असं बाकीच्यांना वाटायला लागलं. मग कुणी दोर वळायचं, कुणी पोरीच्या उवा काढायचं, कुणी खुशाल पेंगायचं. ठमासुद्धा हुंकार देता देता नागली निवडायची.

एकदा कोंडाईनं गंमत केली. वाघाची गोष्ट चालली होती. ती म्हणाली, "मग वाघानं चूल पेटवली आणि पिठलं टाकलं."

"हूं," ठमा म्हणाली.

"ठमे, वाघानं कुठं गं चूल पेटवली?"

"पेटवली असंल की, आत्ये. थंडीचं दिस व्हतं."

"आन् पिठलं?"

"त्याला बी रोज मांस खाऊन वीट येत असंल."

सगळं अंगण हसलं. कोंडाईही हसली. पण लोक उठून गेल्यावर ती बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहिली. लोक येतात, बसतात, हुंकार देतात. आणखी काय हवं, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

तिच्या सगळ्या गोष्टींत एक गोष्ट थोर होती. ती कडवाईची. कणग्या भरल्या की दर वर्षी कोंडाई ती सांगायची, कारण तिच्या आजीनं तिला तसं बजावलं होतं. कडवाई ही जमिनीखाली राहणारी राजाची लेक. रागानं अशी भरलेली, की जो तिला जवळ करील तो मरेल. मग एका म्हातारीनं तिची साल काढली, तिचे पातळ पातळ काप केले, तिला राख चोळली, उकळत्या पाण्यात न्हाऊ घातलं, आणि शेवटी टोपलीत घालून रात्रभर ओढ्याच्या वाहत्या धारेत बसवलं. सकाळपर्यंत सारा राग पाण्याबरोबर वाहून गेला आणि कडवाई सगळ्यांच्या घरी पाहुणी म्हणून गेली. कडवाई म्हणजे डोंगरातला कडूकंद. विषारी, आणि दुष्काळात जीव वाचवणारा एकटाच. पण घरात नागली असताना कडूकंदाची आठवण कुणाला? ठमानं हुंकार दिले, लोक गप्प बसले आणि उठून गेले.

मग एका हिवाळ्यात कोंडाईच्या अंगावरून वारं गेलं. हात गेले, पाय गेले, जीभ गेली. उरले दोन डोळे आणि नाकातून निघणारा हुंकार. न सांगितलेल्या गोष्टी तिच्या दाराशी येऊन हंबरायच्या, असं म्हणतात. त्यांना घरात घेणारं कुणी नव्हतं.

त्यानंतर पाऊस फिरकलाच नाही. पुढच्या वर्षी आला तो पेरलेलं सडवून गेला. कणग्या झाडून झाल्या, बियाणं खाऊन झालं, झाडाचा पाला संपला. खालच्या गावांतली माणसं कधीच देशोधडीला लागली होती, विचारायचं कुणाला? डोंगरात कडूकंद तेवढा उरला होता. तो तसाच खाल्ला तर माणूस मरतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याची एक गोष्ट आहे हेही ठाऊक होतं. पुरी गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती.

वाडीचा खेवजी पाटील सगळ्यांना घेऊन कोंडाईच्या दारात आला. बाहेर कंदांचा ढीग पडला होता, चुलाणावर हंडा चढला होता, पोरं रडून रडून आता नुसती कण्हत होती. पाटील ठमाला म्हणाला, "सगळ्यांत जास्ती तूच ऐकलंस. तू सांग. कोंडाई हुंकार देईल."

असं कधी झालं नव्हतं. ऐकणारी सांगायला बसली आणि सांगणारी ऐकायला. कोंडाईच्या डोळ्यांत त्या दिवशी इतकं तेज आलं की घरातला काळोख मागे हटला, असं म्हणतात. आपली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची तिनं जन्मभर वाट पाहिली होती.

"कडवाई राजाची लेक," ठमा म्हणाली.

"हूं."

"तिची साल काढली. काप केलं."

"हूं."

ठमा अडली. मागून कुणी माती म्हणालं, कुणी मीठ म्हणालं. कोंडाई गप्प. कुणीतरी राख म्हणालं आणि हुंकार आला. मग उकळत्या पाण्याचं ठमालाच आठवलं.

"हूं," कोंडाई म्हणाली, आणि थांबली नाही. "हूं. हूं."

पुढं काहीतरी आहे हे ठमाला कळलं. काय आहे ते कळेना. तिनं विचारलं, उन्हात वाळवली का? कोंडाई गप्प. मातीत पुरली का? गप्प. कोंडाईनं सारा जीव डोळ्यांत आणला आणि दारातून दिसणाऱ्या ओढ्याकडे पाहिलं. दुष्काळातही त्याला बारीक धार होती. कोंडाई ठमाकडे पाहायची, पुन्हा धारेकडे पाहायची.

ठमाला वाटलं, म्हातारीला तहान लागली. तिनं धावत जाऊन ओंजळ भरून आणली आणि कोंडाईच्या तोंडात पाणी सोडलं. पाणी घशात गेलं, ठसका लागला, आणि हुंकारही बंद पडला.

खेवजी पाटलाचा धीर सुटला. त्याच्या मागे त्याची नातवंडं उभी होती. "उकडलं की झालं," तो म्हणाला. "एवढी वर्षं ऐकली तरी गोष्ट संपली नाही. आज कुठं संपायची? चला, पोरं मरतील."

लोक गेले. शेवटी ठमाही गेली; तिची लेक सोनकी हंड्याजवळच बसली होती.

ठसका थांबल्यावर कोंडाईनं हुंकार दिला. मग आणखी मोठा. तिच्या हुंकारानं घराचे वासे थरथरले, ओढ्यातली वाळू उडाली, डोंगरावरची पाखरं एकदम वर उठली, असं म्हणतात. पुढं, पुढं, अजून पुढं आहे, असं ती आपल्या एकुलत्या एका आवाजात सांगत होती. पंगतीत बसलेल्या लोकांनी तो ऐकला. कोंडाई आशीर्वाद देते आहे, असं म्हणून त्यांनी हात जोडले आणि घास उचलला.

कोवळी पोरं आधी गेली. सोनकी त्यांच्यात होती. खेवजी पाटलाची नातवंडं होती. मोठी माणसं तळमळत पडली, काही उठली, काही उठली नाहीत. कोंडाईनं अंथरुणातून एकेका घराचं रडणं ओळखलं. ती सगळी पोरं तिच्या अंगणात वाढली होती. त्यांना वाचवणारं वाक्य तिच्याजवळ होतं आणि ते तिनं दर वर्षी, न चुकता, मोठ्यानं सांगितलं होतं. आपण गोष्टी सांगत होतो की नुसत्या वाऱ्यावर सोडत होतो, हे तिला आता कळत नव्हतं.

लेकीला माती देऊन ठमा आली. ती रडत नव्हती. ती कोंडाईजवळ बसली आणि पहिल्यापासून गोष्ट सांगू लागली. साल, काप, राख, उकळतं पाणी. प्रत्येक वाक्याला हुंकार आला. मग ठमा थांबली. इतक्या वर्षांत त्या अंगणात कुणी कधी विचारलं नव्हतं, ते तिनं विचारलं.

"पुढं काय झालं, आत्ये?"

कोंडाईचे ओठ हलले. शब्द आला नाही. श्वास बाहेर आला आणि परत आत गेलाच नाही. तो दारातून बाहेर पडला, ओढा उतरला आणि दरीत शिरला, असं म्हणतात.

ठमा उठली. उकडलेल्या कंदांच्या उरलेल्या टोपल्या तिनं संतापानं ओढ्यात लोटून दिल्या. त्या दगडांत अडकून धारेत पडून राहिल्या. दुसऱ्या दिवशी भुकेनं वेडापिसा झालेला खेवजी पाटील ओढ्यावर गेला. मेलो तर सुटलो, असं म्हणून त्यानं त्यातले काप खाल्ले. तो मेला नाही. गोष्टीचा शेवट भोकरदऱ्याला असा कळला. तो ऐकायला वाडीत पोरं फारशी उरली नव्हती.

तेव्हापासून भोकरदऱ्यात गोष्ट ऐकताना कुणी हुंकार देत नाही. वर्षातून एक दिवस, कापणी आटोपल्यावर, सगळी वाडी ओढ्यावर जमते. पानं मांडतात, वाढतात, पण घासाला हात कुणी लावत नाही. एक बाई कडवाईची गोष्ट सांगते आणि उकळत्या पाण्यापाशी थांबते. मग दरीतून कोंडाईचा हुंकार येतो, असं म्हणतात. त्यानंतर एखाद्या पोरानं आपण होऊन विचारायचं असतं, 'पुढं काय झालं?' पोराला शिकवायचं नाही, चिमटा काढायचा नाही, खूण करायची नाही. विचारलं तर गोष्ट पुरी करतात आणि जेवतात. विचारलं नाही तर वाढलेली पानं तशीच ओढ्यात सोडतात आणि वाडी उपाशी घरी जाते.

उपाशी जाण्याची वर्षं हल्ली जास्त येतात, असं म्हणतात.