महाराजांच्या घोंगड्यावर काठी

“सेवेत कुठं कमी पडलो मी, माई?”

एवढं विचारतानाही मैराळला दोनदा थांबावं लागलं. छातीत शिट्टी वाजत होती.

ठकूमाईंनी ती शिट्टी नीट ऐकली. त्या आणि थोरले महाराज एकाच गुरूच्या हाताखाली वाढलेले. महाराज गेल्यानंतर टेकडीवरच्या या मठात त्या आज पहिल्यांदाच आल्या होत्या.

मैराळ महाराजांचा लाडका शिष्य. पहाटेची भूपाळी त्यानंच म्हणायची, हा महाराजांचा शब्द. आता एका ओळीतच त्याला धाप लागे. वैद्य झाले, काढे झाले. मठ सोडून खाली गावात गेला की मात्र बरं वाटे, आणि त्याचीच त्याला जास्त लाज वाटे.

“चल, खोली दाखव,” माई म्हणाल्या.

महाराजांची खोली अंधारी, कोंदट. भिंतींना ओल, कोपऱ्यात काळी बुरशी, वर धुपाचा धूर. गादीवर महाराजांचं घोंगडं, ते गेले त्या दिवशी होतं तसंच.

“इथंच निजतोस?”

“त्यांच्या पायाशी.” आवाजात ताठा होता. “धूप कधी विझू दिला नाही मी.”

“खिडकी?”

“ती कशी उघडू, माई? महाराजांनी शेवटचा श्वास इथंच सोडला. तो बाहेर जाईल ना...”

माई त्याच्याकडे बघत राहिल्या. अशी माया त्यांनी कुठं पाहिली नव्हती, आणि असला गाढवपणाही.

“घोंगडं कधी झटकलंस?”

“झटकू? गुरूचं वस्त्र? मी बोटसुद्धा लावत नाही त्याला.”

माईंनी धुपाटणं उचलून बाहेर ठेवलं. खिडकीला खांदा लावला. फुगलेली फळी करकरली आणि ऊन आत आलं.

मग त्यांनी घोंगडं उचललं, अंगणाच्या कठड्यावर टाकलं आणि काठी घेतली.

“माई! महाराज आहेत ते!”

“तोंडाला उपरणं धर. लांब उभा राहा.”

पहिला फटका बसला. मग दुसरा. माईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात थांबत नव्हता. धुळीचा लोट उठला, उन्हात झळाळला, वाऱ्यावर चढून दरीभर पसरला. एवढं सगळं त्या घोंगड्यात होतं? मैराळ गुडघ्यांवर बसला. त्याचे हात आपोआप जोडले गेले. इतकं भव्य काही त्यानं या मठात आजवर पाहिलं नव्हतं.

हळूहळू लोट विरला. वर नुसतं आकाश उरलं.

“गेले...” तो पुटपुटला. “महाराज गेले, माई. आता कुठं शोधू मी त्यांना?”

माईंनी काठी खाली ठेवली. त्याच्या तोंडावरचं उपरणं हळूच बाजूला केलं.

“श्वास घे.”