फळीवर उभा राहून

"मिक्सरात दोष नाही ना? मग दोष कुणात, तेवढं सांगा."

सोपान काउंटरवर दोन्ही हात टेकून विचारत होता. मागे त्याची बायको उज्ज्वला पदर तोंडाशी धरून उभी. मिक्सरपासून जितकं लांब राहता येईल तितकं लांब.

बार्शीतलं महालिंगअप्पांचं दुरुस्तीचं दुकान. भर दुपार होती, पण ऊन नको म्हणून शटर अर्धं खाली ओढलेलं, त्यामुळे आत अंधारच. मी माझी बिघडलेली इस्त्री मांडीवर घेऊन बाकावर बसलो होतो आणि खरं सांगायचं तर उठून जावंसं वाटत होतं. त्या बाईचा चेहरा बघवत नव्हता.

अप्पा कोपऱ्यात स्टुलावर. हल्ली त्यांचे हात कापतात, म्हणून काम सगळं त्यांचा चेला नागेश करतो. चांगलं करतो, त्याबद्दल वाद नाही. पण तोरा असा, की जगातली सगळी यंत्रं यानंच जन्माला घातलीत!

"दोष नाही," नागेश म्हणाला. "मागच्या खेपेलाच खोलून बघितलाय. हे बघा."

त्यानं तो जुना, पत्र्याच्या अंगाचा मिक्सर चालू केला. घर्र... त्यावर पंजा सपाट ठेवला आणि हसला.

"टेस्टर लावून बघ," अप्पा म्हणाले.

"टेस्टर नवशिक्यांना लागतो, अप्पा. माझा हातच टेस्टर आहे."



"ऐकलंस?" सोपान बायकोकडे वळला.

"मला धरतो तो," उज्ज्वला पुटपुटली. "हात सुटत नाही. काल मधेच लाइट गेली म्हणून वाचले."

सोपाननं आवाज खाली आणला.

"आई माझी ह्याच मिक्सरपाशी गेली, अप्पा. चटणी वाटताना. हात त्याच्यावरच होता. 'सोड, सोड' म्हणत होती. वडील वारलेले, ते तिला न्यायला आले होते. शेजाऱ्यांनीसुद्धा ऐकलं. आता ही तिथं उभी राहिली की हीही तेच ओरडते. 'सोड, सोड.' तोच शब्द, तसाच आवाज. आईच बोलते हिच्या तोंडून."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. भर दुपारी!

"उद्या अमावस्या. देवऋषी यायचाय. चिमटा तापवून ठेवायला सांगितलाय त्यानं. मी म्हटलं, आधी मिस्त्रीला एकदा शेवटचं विचारू. मिक्सर ठीक असेल, तर..."

उज्ज्वलानं डोळे मिटून घेतले.

"ठीक आहे म्हणजे ठीक आहे," नागेश म्हणाला. "आता काय देवाची शपथ घेऊ?"

कानाखाली वाजवावीशी वाटली मला त्याच्या. एका बाईच्या अंगावर उद्या डाग पडणार होते आणि हा आपला हात मिरवत होता.

"पोरी," अप्पांनी उज्ज्वलाला विचारलं, "घरात हा कुठं ठेवतेस?"

"मोरीशेजारच्या ओट्यावर."

"खाली काय आहे?"

"फरशी."

"कोरडी?"

"तिथंच भांडी घासायची. कोरडी कुठून असणार?"

"आणि पायात काय असतं?"

तिला प्रश्नच कळला नाही. "स्वयंपाकघरात चपला कोण घालतं, अप्पा?"

अप्पा उठले. प्यायच्या पाण्याचा तांब्या उचलला आणि नागेशच्या पायाशी अख्खा ओतला.

"अहो अप्पा! फळी भिजली ना!"

"फळी काढ."

नागेश काम करतो तिथं पायाखाली एक लाकडी फळी असते. शॉक बसू नये म्हणून मिस्त्री लोक ठेवतात तशी. इतकी सवयीची, की ती तिथं आहे हेसुद्धा कुणी बघत नाही. त्यानं ती पायानं बाजूला सारली.

"चपला काढ."

"अप्पा..."

"काढ."

रबरी चपला निघाल्या. नागेश ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहिला. अप्पांनी बटण दाबलं. घर्र...

"आता लाव हात. ठीक आहे म्हणालास ना?"

नागेशनं हात पुढं केला. मघाशी सपाट बसलेला तोच पंजा. तो अर्ध्या वाटेवर गेला... आणि थांबला.

दुकानात मिक्सरशिवाय कशाचाच आवाज नव्हता. खोटं कशाला सांगू, त्या घरघरीत एखादी म्हातारी धाप टाकतेय असं मला वाटायला लागलं होतं. नागेशच्या मनगटावरचे केस ताठ उभे होते. घाम हनुवटीवरून खाली टपकत होता.

"नाही होत, अप्पा..."

अप्पांनी खिशातून टेस्टर काढून त्याच्या हातात दिला. नवशिक्यांचा तो टेस्टर.

नागेशनं त्याचं टोक मिक्सरच्या अंगाला टेकवलं. टेस्टरमध्ये लाल ठिपका पेटला.

त्यानं टोक उचललं, पुन्हा टेकवलं; ठिपका पुन्हा पेटला. मग म्हणाला, "पत्र्यात करंट उतरलाय. आधीपासूनच असणार. मी... मी फळीवर उभा होतो."

उज्ज्वला मटकन खाली बसली. "मी सांगत होते," म्हणाली, "मी सगळ्यांना सांगत होते हो," आणि हुंदके देऊन रडायला लागली. नागेश तिच्याकडे वळला, त्यानं हात जोडले. फळी शेजारीच पडली होती. त्या फळीवर तो पुन्हा उभा राहिला नाही.

सोपान मात्र हलला नव्हता.

"मग आई...?"

तो मिक्सरकडे बघत होता.

"ती 'सोड, सोड' म्हणत होती," सोपान म्हणाला. "आम्ही सगळे दारात होतो, अप्पा. हात जोडून उभे होतो. वडिलांना म्हणत होतो, नीट घेऊन जा तिला..."

मिक्सर अजून चालूच होता. बंद करायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

अप्पा वाकले. कापऱ्या हातानं बोर्डातला प्लग ओढला. घरघर हळूहळू उतरत गेली आणि थांबली.

मग त्यांनी तो प्लग सोपानच्या तळहातावर ठेवला, त्याची बोटं त्यावर मिटली.

"एवढंच मागत होती रे ती."