लाह्यांचे चौथे भांडे

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात केरोबा नावाचा माणूस विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. हात वेगवान, पण जिवाला स्वस्थता नाही. दुसरा कुणी पाना धरून उभा राहिला, की याचे हात शिवशिवायचे. "दे इकडे," म्हणत तो पाना काढून घ्यायचा.

त्याची बायको सगुणा मक्याच्या लाह्या फार सुरेख फोडायची. एका वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. ती सावरली, हिंडूफिरू लागली, पण डावा हात लुळाच राहिला. पातेले दोन्ही हातांनी धरून हलवणे संपले. ती काहीही करायला गेली, की केरोबा धावत येऊन ते काम स्वतः उरकून टाकी. दिवसभर ती खिडकीशी बसून राही.

एके दिवशी ती म्हणाली, "अहो, मला लाह्या करता येतील असं एखादं भांडं..."

तिचे बोलणे पुरे व्हायच्या आत केरोबाने पायांत चपला अडकवल्या.

त्याने चकचकीत स्टीलचे भांडे आणले. झाकणावर फिरवायची दांडी होती. दुकानदाराने एका हाताने भांडे धरून दुसऱ्या हाताने दांडी फिरवून दाखवली होती. घरी सगुणेने एका हाताने दांडी फिरवली, तर दांडीबरोबर सगळे भांडेच गॅसवर गरगर फिरू लागले. "दे इकडे," केरोबा म्हणाला, आणि लाह्या त्यानेच केल्या.

दुसऱ्या दिवशी त्याने लांब मुठीचे भांडे आणले. ते मुठीच्या वजनाने कलंडले आणि दाणे घरभर पसरले. तिसऱ्या दिवशी काचेच्या झाकणाचे आले. ते दोन्ही हातांनी हलवावे लागे. केरोबानेच ते हलवले. लाह्या टपोऱ्या झाल्या, पण सगुणेने एकही तोंडात टाकली नाही.

"का गं, बिघडल्या का?"

"लाह्या चांगल्याच आहेत," सगुणा म्हणाली. "पण मी भांडं लाह्या खाण्यासाठी नव्हतं मागितलं, करण्यासाठी मागितलं होतं. उद्या मला दुकानात न्या. आणि तिथे एक शब्द बोलू नका."

दुकानात सगुणेने एकेक भांडे फळीवर ठेवायला लावले. उजव्या हाताने ती दांडी फिरवून बघे. भांडे जागचे हलले, की म्हणे, "हे नको. पुढचं दाखवा." केरोबा स्टुलावरून उठे, बसे, पुन्हा उठे. तासभर गेला. शेवटी दुकानदाराने कोपऱ्यातले एक काळे, बिडाचे भांडे आणले. सगुणेने दांडी फिरवली. भांडे तसूभरही हलले नाही.

"हेच द्या," ती म्हणाली.

केरोबाला राहवले नाही. "अगं, हे जड धूड तुला एका हाताने उचलवणार आहे का?"

"उचलायचं कशाला? गॅसवरच राहू दे. झाकण उघडायचं आणि झाऱ्याने लाह्या काढायच्या."

हे केरोबाच्या डोक्यातच आले नव्हते.

घरी सगुणेने तेल घातले, दाणे टाकले, झाकण लावले. जड भांडे लवकर तापेना. केरोबा स्वयंपाकघरात येरझारा घालू लागला. दांडी मध्येच अडली. सगुणेच्या कपाळावर घाम आला. करपल्याचा वास सुटला. केरोबाचा हात भांड्याकडे गेला. सगुणेने त्याच्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत पाणी होते.

केरोबाने हात मागे घेतला. जन्मात कधी केले नव्हते ते त्याने केले. भिंतीला टेकून तो नुसता बसून राहिला.

सगुणेने जोर लावला. दांडी सुटली. एक दाणा फुटला, मग दुसरा, आणि मग भांड्यात नुसता तडतडाट झाला. सगुणा मोठ्याने हसली. झाऱ्याने लाह्या ताटात काढून तिने पहिली मूठ स्वतः खाल्ली आणि ताट नवऱ्यापुढे सरकवले.

"खालच्या थोड्या करपल्यात," ती म्हणाली. "उद्या आच कमी ठेवीन."

त्या 'उद्या' शब्दाने केरोबाचा ऊर भरून आला. करपलेल्या लाह्यासुद्धा त्याने वेचून खाल्ल्या.

तात्पर्य: आपल्या माणसासाठी वस्तू निवडताना ती आधी त्याच्याच हातात देऊन पाहावी; आणि त्याचे हात कामाला लागले, की आपले हात आवरावेत.