इरण्णाची फुंकर

"अण्णाचं मशीन त्या अंबादासला? का, उस्ताद? मी काय मेलो होतो?"

बसवंतचा आवाज चढला तशी सोलापुरातली त्या गणवेश शिवायच्या खोलीतली मशीनं थांबली. याच खोलीत मेहबूब उस्तादांनी त्याला आणि त्याच्या थोरल्या भावाला, इरण्णाला, हातात कापड दिलं होतं. इरण्णाला जाऊन पंधरा दिवस झाले होते. बत्तीस वर्षांचा गडी; छातीत कापडाची धूळ बसली, खोकता खोकता गेला.

उस्ताद सुईत दोरा ओवत राहिले.

"तासाला तो वीस कॉलर लावतो. मी तीस लावतो."

"खरंय."

"तोंडाला ओलं फडकं बांधून बसतो, नव्या नवरीसारखा! घडोघडी उठून चुळा भरतो. सगळे हसतात त्याला."

"मीही हसायचो."

"...मग?"

अंबादास अण्णाच्या मशीनवर खाली मान घालून बसला होता. बसवंत त्याच्या त्या धडधाकट छातीकडे बघत राहिला. हाच का जगावा? अण्णाच्या जागेवर हाच का बसावा?

"अंबादास, ऊठ जरा," उस्ताद म्हणाले. "बसू, बस तिथं. मशीन साफ करून दाखव."

बसवंतने झटक्यात सुईखालची पट्टी काढली. आत निळ्या धाग्यांचा भुसा साचला होता. अंबादासने ब्रश पुढे केला.

"ठेव तुझ्यापाशीच. आमच्या अण्णानं कधी ब्रश धरला नाही."

तो वाकला. गाल फुगवले...

उस्तादांचा तळहात त्याच्या तोंडावर बसला. घट्ट.

बसवंतने तो हिसडून काढला. "अण्णा असंच करायचा! एका फुंकरीत लख्ख. तुम्हीच म्हणायचात, इरण्णासारखी फुंकर अख्ख्या पेठेत कुणाची नाही."

"म्हणायचो."

उस्तादांनी मान खाली घातली.

"त्याला ती शिकवली कुणी?"

बसवंतने हातातली पट्टी खाली ठेवली.

"मी शिकवली."

अंबादासच्या हातातला ब्रश घेऊन उस्तादांनी तो भुसा हळूच झाडून काढला.

"उद्यापासून दारापाशी, वाऱ्याला बसायचं," उस्ताद म्हणाले. "काजं-बटणं करायची."

"बायकांचं काम? आणि हा इथं राज्य करणार? जन्मभर हेवा करीन मी याचा, उस्ताद. जन्मभर!"

उस्तादांनी आता कुठे मान वर केली. डोळे भरले होते.

"कर, बेटा... म्हातारा होईपर्यंत कर."