तिरकं झालेलं जू

फार मागं एका शेतात चांद्या आणि गुंड्या ही बैलजोडी एकाच जुवाला असायची. गुंड्या मुद्दाम रेंगाळायचा. त्याला सांभाळून घ्यायला चांद्याही आपली चाल आवरायचा, म्हणजे जू सरळ राहायचं. पण मग मालकाच्या शिव्या दोघांना!

“मावशी, जीव नकोसा केलाय गं यानं!” चांद्या शेजारच्या म्हशीपाशी करवादला.

“मग दे की एक ढुशी!”

“अन् गावभर मारका म्हणून नाव होऊ दे? मारक्या बैलाला कोण दावणीला ठेवतं?”

दुसऱ्या दिवशी चांद्या कुणासाठी न थांबता आपल्या चालीनं चालला. जू गुंड्याच्या बाजूनं मागं कललं आणि मालकाची काठी नेमकी गुंड्याच्या पाठीवर बसली.

“माझी चुगली केलीस!” गुंड्या फुरफुरला.

“तोंडसुद्धा उघडलं नाही, बाबा. नुसता चाललो.”