तानी आणि वनवाटा

जिथं गाव संपतं आणि सागवानाचं रान सुरू होतं, अगदी त्या टोकाला तानी आणि तिच्या मायची झोपडी होती. झोपडीमागे रुमालाएवढी चिमुकली बाग होती. काकडीचे कुरळे तणावे, भोपळ्याची सोनपिवळी फुलं, चवळीच्या हिरव्यागार शेंगा. बाग पिकली तर दोघींचं पोट भरायचं. नाही पिकली तर गाव सोडून दूर वीटभट्टीवर जावं लागणार होतं. मायनं एक गाठोडं बांधूनही ठेवलं होतं. तानी त्या गाठोड्याकडे बघायचीच नाही.

पण त्या वर्षी हरणं येऊ लागली. पहाटेच्या धुक्यात पावलांचा आवाजसुद्धा व्हायचा नाही. सकाळी तानी डोळे चोळत बाहेर यायची, तर वेलांचे कोवळे शेंडे गायब!

मग तिनं मायच्या फाटक्या हिरव्या लुगड्याचं बुजगावणं केलं. मडक्याचं डोकं, त्यावर कोळशाचे डोळे. शेजारची सगुणाकाकू ते बघून पोट धरून हसली.

"बाई गं! हे तर सोयऱ्यासारखं उभं हाय. हरणांना म्हणतं, या, बसा, जेवून जा!"

मग हसू आवरून ती मायला म्हणाली, "भागरथा, औंदा वनवाटा पेरला नाही ना तू?"

वनवाटा म्हणजे कुंपणाबाहेरची चवळीची ओळ. ती रानासाठी असते. तिला माणसानं हात लावायचा नाही, असा त्या गावचा रिवाज होता.

माय खाली मान घालून म्हणाली, "आपल्यालेच पुरत नाही काकू. रानाले कुठून देऊ? पेरलं ते सारं आतच."

काकूनं एकदा रानाकडे पाहिलं आणि पदर सावरून निघून गेली.

त्या संध्याकाळी माय सरपणाला गेली होती. तानी पत्र्याचा डबा आणि काठी घेऊन राखणीला बसली. आभाळ जांभळं झालं. धुकं गवतावरून सरपटत आलं. आणि कुंपणात काहीतरी धडपडलं.

एक इवलंसं पाडस बोराटीच्या काट्यांत अडकलं होतं. पाठीवर पांढरे ठिपके, मोठे ओले डोळे, आणि तोंडात तिच्याच भोपळ्याचं पान!

तानीनं काठी उचलली. पाडस थरथरलं. तिला त्याच्या बरगड्या दिसल्या. अगदी तिच्या स्वतःच्या बरगड्यांसारख्याच. तिनं काठी टाकून दिली.

"उगी, उगी रे बाळा. हलू नको."

एकेक काटा तिनं हळूच बाजूला केला. बोटाला काटा लागला आणि रक्ताचा लालचुटूक थेंब गवतावर पडला. पाडस सुटलं, धुक्यात विरून गेलं. पण तो थेंब निखाऱ्यासारखा चमकू लागला. चमक वाढली, उंच झाली, आणि तिथं एक परी उभी राहिली.

तिच्या चंदेरी झग्यावर प्रकाशाचे ठिपके होते. डोळे काळेभोर, हरणासारखे, आणि त्यांची पापणी लवतच नव्हती. ती चालत आली तेव्हा ओल्या मातीत मागे खुरांचे ठसे उमटले. तानीच्या अंगावर काटा आला.

"भिऊ नकोस," परी म्हणाली. तिचा आवाज वाळक्या पानांसारखा होता. "तू माझ्या लेकराला सोडवलंस. एक मागणं माग. पण नीट ऐक. जसा शब्द, तसंच फळ. आणि मागणं मोडावंसं वाटलं, तर भुकेल्या पोटानं आपल्या हातचा घास दुसऱ्याला द्यावा लागेल."

तानीला ते गाठोडं आठवलं. ती घाईघाईनं म्हणाली, "भुकेलं कुणी माझ्या बागेत येऊ नये!"

परी जराशी उदास हसली. "बरं," ती म्हणाली, आणि धुकं मिटलं.

सकाळी एकही शेंडा तुटलेला नव्हता! तानी आनंदानं टाळ्या वाजवत बागेकडे धावली, आणि तिचा पाय हवेतच अडकला. समोर काही दिसत नव्हतं, तरी पाऊल पुढे पडेना.

मायही आली. तिलाही आत जाता येईना. "हे काय आक्रीत झालं वं?" ती पुटपुटली. पोटभर खाऊन आत जावं, तर त्या घरात पोटभर होतंच कुठं?

मग तानीच्या लक्षात आलं, की बाग गप्प आहे. मधमाशीची गुणगुण नाही. बुलबुल नाही, फुलपाखरू नाही, मुंगीसुद्धा नाही. तेही सारे भुकेलेच की! एक मधमाशी कुंपणाबाहेर हवेत गरगरत होती आणि भोपळ्याची सोनेरी फुलं तिची वाट बघत मान टाकत होती. दुपारपर्यंत इवली इवली फळं पिवळी पडली.

आत फक्त बुजगावणं होतं. त्याला भूक नव्हती ना! तानी कुंपणाभोवती फिरू लागली, तसं ते मडक्याचं डोकं हळूहळू तिच्या मागे वळू लागलं.

तिन्हीसांजेला हरणं आली. बागेभोवती गोल उभी राहिली, न हलता, न आवाज करता. नुसती बघत राहिली. झोपडीच्या दारात माय ते गाठोडं छातीशी धरून बसली होती. तिनं भाकरीचा शेवटचा तुकडा तानीच्या हातात ठेवला.

"खा माय माझी. उद्या लई चालायचं हाय."

तानीच्या पोटात आग पडली होती. भाकरीचा खमंग वास नाकात शिरत होता. तिनं तुकडा तोंडाजवळ नेला, आणि हरणांच्या घोळक्यात तिला ते पाडस दिसलं. उभं राहता राहता त्याचे पाय लटपटत होते.

"तानी, कुठं चालली वं?" माय ओरडली.

"माय, तुझी अन् माझी भूक मी पाहिली. याची पाहिलीच नाही." ती पाडसासमोर बसली आणि हात पुढे केला. "घे. अख्खा घे."

उबदार खरखरीत जिभेनं तिचा तळवा पुसला गेला. त्याच क्षणी आत बुजगावण्याचं मडकं धप्पकन खाली पडून फुटलं. वारा सुटला. संध्याकाळची पाखरं एकदम किलबिलली आणि बागेत घुसली.

धुक्यातून परी आली. या वेळी तिची पापणी लवली.

"आपल्या घासातला घास देणाऱ्याची बाग रान कधी खात नाही," ती म्हणाली.

तिनं ओंजळ उधळली. बोराटीच्या काट्यांच्या जागी गवती चहाची दाट हिरवी रांग सळसळत उठली. तिच्या मागे अडुळसा उगवला, पांढऱ्याशुभ्र फुलांचा. हरणांनी तो उग्र वास घेतला, नाकं फेंदारली आणि ती मागे सरली. आणि कुंपणाबाहेर त्यांच्या पायांशी चवळीची लांब, कोवळी ओळ तरारली.

"आतलं तुमचं. बाहेरचं यांचं," परी म्हणाली. "विसरू नका."

तिच्या झग्यावरचे ठिपके एकेक करून सुटले आणि काजव्यांसारखे वर गेले. सगळं आभाळ लखलखलं. मग मागे ओल्या मातीत राहिले फक्त खुरांचे दोन नाजूक ठसे.

मायनं गाठोडं सोडलं. त्यातली बियांची पुरचुंडी काढून ती आधी कुंपणाबाहेर वनवाट्यात पेरायला गेली.

त्या हंगामात भोपळे एवढे धरले, की सगुणाकाकू एक भोपळा काखेत मारून म्हणाली, "तुझं बुजगावणं कुठं गेलं गं तानी?"

"काकू, आता सोयऱ्यांना मीच बोलावते," तानी हसून म्हणाली. "या, बसा, जेवून जा!"

आणि कुंपणाबाहेर, चवळीच्या ओळीत, एका ठिपकेदार पाडसाची शेपटी आनंदानं हलली.